साडेसात रंगांचा पाहुणा

पक्षी नापास झाला. नऊ रंग लागत होते, साडेसातच भरले. दीड रंगाने गेला बिचारा. राईतला पाला त्याच दुपारी पोत्यांत भरून नेला.

हे वाचलं असेल तर विसरा. उद्यान खात्याच्या म्हणण्याप्रमाणे असं काही घडलेलंच नाही. पक्षी आलाच नव्हता, मग नापास कोण होणार? आपणही तेच धरून चालू. पक्षी अजून यायचा आहे, राईत घोटा बुडेल इतका पाला पडलेला आहे, आणि ताई आपल्या खोलीत बसून एका अनोळखी माणसाच्या वरच्या दातांना आकार देते आहे.

ताई कवळ्या करायची. शहरातले दातांचे डॉक्टर लोकांच्या तोंडाचे ठसे पाठवत. ताई त्यांवरून प्लास्टरचे जबडे ओतायची, जबड्यावर मेण चढवायची, मेणात एकेक दात बसवायची. तिच्या टेबलावर एका दांडीला नमुन्याचे दात टांगलेले होते. सगळे पांढरे, आणि एकासारखा दुसरा नाही. चहा पिणाऱ्याचा पांढरा वेगळा, विडी ओढणाऱ्याचा वेगळा, आणि आयुष्यभर कोणाशी गोड न बोललेल्याचा तर पार वेगळा. गिऱ्हाइकाला नेहमी सगळ्यात पांढराच हवा असतो, आणि तो लावला की माणूस हसला तरी तोंडात वहीचा कागद धरल्यासारखा दिसतो, हे ताईने आजवर शेकडो लोकांना सांगितलं होतं. ऐकलं कोणीच नव्हतं. त्यामुळे तिचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर असे.

"दिवसभर लोकांचे दात करते," तिचे बाबा म्हणायचे, "आणि संध्याकाळी मला खाते."

तिच्या खोलीची खिडकी मागच्या बाजूला उघडायची. मागे राई. राई म्हणजे काही जंगल नव्हे. वसाहतीची भिंत आणि बंद पडलेलं पंपघर यांच्यामध्ये जुनी मोठी झाडं दाटीवाटीने उभी होती, इतकंच. ती कोणी लावली हे कोणाला माहीत नव्हतं, त्यामुळे ती कोणी तोडायची हेही ठरलं नव्हतं. एवढ्या एका अडाणीपणावर ती टिकली होती.

तर एका सकाळी त्या खिडकीतून काहीतरी आत आलं. उडत आलं असं म्हणता येणार नाही, फेकल्यासारखं आलं. मेणाच्या डब्याला धडकलं, टेबलावरून घसरत गेलं आणि वाळत ठेवलेल्या खालच्या जबड्यांच्या रांगेत जाऊन बसलं. दोन जबड्यांच्या मध्ये तिसरा जबडा असल्यासारखं.

ताईने हातातली सुरी खाली ठेवली.

पक्षी होता. मुठीएवढा. पाठ हिरवी, खांद्यावर निळ्याचा असा झगझगीत ठिपका की डोळे दुखावेत, पोट पिकल्या फळासारखं, आणि शेपटीखाली लालभडक, जणू नुकताच ओल्या रंगात बसून आला होता. डोळ्यांवरून चोर बांधतात तशी काळी पट्टी. शेपूट मात्र नावापुरतं. सगळा पक्षी हौसेने केला आणि शेपटीपाशी आल्यावर कोणीतरी जेवायला हाक मारली, असं ते काम होतं.

"बाबा!" ताई ओरडली.

बाबा आले, बघितलं, आणि एका क्षणात निकाल दिला. "पोपट आहे."

"हा पोपट?"

"हिरवा आहे ना? चोच आहे ना? कोणाचा तरी सुटलाय. शेपूट कापलंय बघ मेल्यांनी. थांब, मिरची आणतो."

बाबांनी मिरची आणली, पेरूची फोड आणली आणि पक्ष्याच्या तोंडासमोर धरून "विठू" म्हणाले. पक्ष्याने मिरचीकडे पाहिलं, मग बाबांकडे पाहिलं, मग डोळे मिटून घेतले.

"मानी आहे," बाबा म्हणाले.

ताई वाकून चोच बघत होती. तिचं आयुष्य तोंडात गेलं होतं, ती आणखी काय बघणार? मांसाला दात वेगळे, भाकरीला वेगळे. पोपटाची चोच अडकित्त्यासारखी असते, हे तिला ठाऊक होतं. ही सरळ होती, जाड, टोकदार. खाली पडलेलं काही चिमटीत उचलायची. आणि पाय तर लांब, मजबूत, चालणाऱ्याचे. फांदीला लटकून पेरू खाणाऱ्याला एवढे पाय कशाला?

"हा पोपट नाही," ती म्हणाली. "ह्याचं जेवण जमिनीवर आहे."

"पंख दिलेत देवाने आणि जेवायला खाली? एवढा मूर्ख पक्षी असतो का?"

ताईने बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, पक्ष्याला अलगद आत ठेवून झाकण लावलं, आणि पक्षीवाल्या आजोबांना फोन केला.

पक्षीवाले आजोबा हे तिचं जुनं गिऱ्हाईक. ते जन्मभर दुर्बीण घेऊन झाडाखाली उभे राहिले होते आणि दात पडेपर्यंत उभेच होते. त्यांच्या वरच्या-खालच्या दोन्ही कवळ्या ताईने केल्या होत्या. ताईने वर्णन सुरू केलं आणि ते मध्येच थांबवत म्हणाले, "शीळ घातली का त्याने? दोन सुरांची? अशी..." आणि फोनवर नुसता फुस्स असा आवाज आला.

"काय झालं आजोबा?"

"तुझी कवळी. हिच्यामुळे शीळ येत नाही. थांब." पलीकडे काहीतरी पेल्यात टाकल्याचा आवाज झाला. मग एक स्वच्छ, गोल, दोन सुरांची शीळ आली. आधी चढणारी, मग उतरणारी. कोणी प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यावं तशी.

खोक्यातून काहीतरी सरकल्याचा आवाज आला.

"ऐकलं त्याने," ताई कुजबुजली.

"नवलंग," आजोबा दातांशिवाय म्हणाले. पुन्हा पेल्याचा आवाज. "नवरंग, नवरंग. अगं, पाहुणा आहे तो. दरवर्षी किती लांबून येतो. रात्रीचा उडतो आणि पहाटे शक्ती संपली की असेल तिथे कोसळतो. कोणाच्या न्हाणीघरात, कोणाच्या जिन्यात. मग लोक पोपट समजून पिंजऱ्यात घालतात, पेरू देतात. तो उपाशी मरतो, आणि लोक म्हणतात, पोपट नाजूक निघाला."

ताईने बाबांकडे असं पाहिलं की बाबांनी पेरूची फोड स्वतःच खाऊन टाकली.

"नवरा?" तोंड भरलेलं असताना त्यांनी विचारलं. "कोणाला मिळाला नवरा?"

"नवरा नाही बाबा. नवरंग."

"चला. अर्धा तरी मिळाला."

आजोबांनी सांगितलं तसं तिने केलं. दिवसभर खोकं अंधारात, शांत जागी ठेवलं. उजेड उतरू लागल्यावर राईत नेऊन झाकण काढलं. तिला वाटलं होतं, आता हा भुर्रकन शेंड्यावर जाईल. तो खोक्याच्या काठावर आला, टुणकन पाल्यात उतरला, तोकडं शेपूट सावकाश वरखाली केलं, आणि एक पान चोचीने उचलून बाजूला टाकलं. खाली काही नव्हतं. दुसरं टाकलं. खाली गांडूळ होतं. त्याने ते ओढून काढलं, गिळलं, आणि तिसऱ्या पानाकडे वळला. घरी आल्यावर माणूस जसा एकेक डबा उघडून बघतो, तसा.

ताई बराच वेळ तिथे उभी होती. आयुष्यात प्रथमच तिने कोणाला काही खाताना पाहिलं आणि दातांचा विचार केला नाही.

त्यानंतर तो राईतच राहिला. उजाडताना आणि मावळताना शीळ घालायचा, मधल्या वेळात पाला उलटायचा. त्याची एक ठरलेली जागा होती, पंपघरापासून ताईच्या खिडकीपर्यंत, आणि तिथे दुसरा कोणी पक्षी आला की तो छाती काढून उभा राहायचा. आजोबा म्हणाले, असं प्रत्येकाचं असतं. पाल्याचा एवढा एक तुकडा, त्यावर हंगाम काढायचा, अंगावर चरबी चढवायची आणि परतीला निघायचं. "झाड काय, त्याला कुठलंही चालेल झोपायला," ते म्हणाले. "पाला पाहिजे. पाला गेला की ताट गेलं."

आणि नेमकं ताटावरच सचिवसाहेबांचं लक्ष गेलं.

सचिवसाहेब म्हणजे वसाहतीचे सचिव. चांगला माणूस. फक्त त्यांना जमिनीवर काही पडलेलं सहन होत नसे. त्यांनी जिने धुतले होते, गच्ची धुतली होती, आणि एकदा मुलांच्या खेळण्याच्या जागेतली वाळू झाडून घेतली होती. खाली पुन्हा वाळूच निघाली तेव्हा त्यांना मनस्वी वाईट वाटलं होतं. आता त्यांनी पाला उडवायचं यंत्र आणलं होतं. पाठीला अडकवायचं, हातात जाड नळी, आणि चालू केलं की शेजारच्या गल्लीतली कुत्री रडायची. फलकावर सूचना लागली: राईतला साचलेला कचरा काढून जागा स्वच्छ करण्यात येईल, सहकार्य करावे.

ताई तशीच, हाताला प्लास्टर लागलेलं असताना, त्यांच्या दारात गेली.

"सचिवसाहेब, तो कचरा नाही."

"मग काय आहे ताई?"

"पाला आहे."

"पडलेला पाला?"

"हो."

"पडलेला म्हणजे कचरा," ते मायेने म्हणाले. "झाडावर असतो तोवर पाला. तुमचे केस डोक्यावर असतात तोवर केस. ताटात पडले तर?"

"तिथे पक्षी आहे. तो त्या पाल्यात जेवतो."

"पक्षी झाडावर असतात. झाडाला मी बोटसुद्धा लावणार नाही. उलट खालून झाडून घेतल्यावर त्याला वरून किती छान दिसेल."

"अहो, तो वरून बघायला नाही आलाय!" ताईचा आवाज चढला. "एवढ्या लांबून काय तुमची झाडलोट बघायला आला?"

"तसं कोणी आलं तर मला आनंदच आहे," सचिवसाहेब म्हणाले. आणि त्यांना खरंच होता. राग यावा तर याचा यावा, की समोरचा माणूस वाईटसुद्धा नव्हता.

ताईने उद्यान खात्याला फोन लावला. तिथे तिला पाच टेबलांवर फिरवलं. पहिल्याने सांगितलं पक्षी आमच्याकडे नाहीत, दुसऱ्याने सांगितलं पक्षी आहेत पण जमीन नाही, तिसऱ्याने विचारलं पक्षी पाळीव आहे का भटका. चौथा जेवायला गेला होता, आणि तो जेवून येईपर्यंत पाचव्याने त्याचंच काम केलं. त्याने नियम सांगितला. बाहेरून आलेला पक्षी एखाद्या जागी उतरला असल्याचं सिद्ध झालं, तर तो जाईपर्यंत त्या जागेला हात लावता येत नाही. फक्त सिद्ध व्हायला हवं.

"म्हणजे कोणीतरी येऊन बघायचं?"

"बघायचं नाही, पडताळायचं. पक्ष्याचं नाव काय?"

"नवरंग."

पलीकडे कोणीतरी ते अक्षर लावून लिहून घेतलं. "बरं," आवाज म्हणाला, "बघू."

पाहणी अधिकारी आले ते तरुण होते, सभ्य होते आणि त्यांच्या बुटांना पॉलिश होतं. ते पाल्यात न उतरता कडेच्या दगडावर उभे राहिले. सचिवसाहेब होतेच. त्यांच्या मागे यंत्रवाला माणूस पाठीला यंत्र अडकवून तयार होता, निकाल लागायचाच उशीर. अधिकाऱ्यांनी सोबत कोपऱ्यावरचे रंगवाले काका आणले होते. काकांचं भिंतीच्या रंगांचं दुकान होतं.

"हे कशाला?" ताईने विचारलं.

"तज्ज्ञ," अधिकारी म्हणाले. "रंगांचे."

"पक्षी ओळखायला रंगांचे तज्ज्ञ?"

"नाव नवरंग आहे ना? म्हणजे रंग नऊ. नऊ भरले की काम झालं. मागे एका ठिकाणी लोकांनी कावळ्याला कोकीळ म्हणून दाखवलं आणि त्याला वर्षानुवर्षं संरक्षण मिळालं. तेव्हापासून खात्याने ठरवलंय, नावाप्रमाणे गुण आहेत का ते तपासायचं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं आता चालत नाही."

ताईला वाटलं हा विनोद आहे. तिने हसायची तयारीही केली. मग अधिकाऱ्यांचा चेहरा बघून ती तयारी मोडून टाकली.

"साहेब, नाव म्हणजे लाडाचं असतं हो. नवलकोल म्हणता तुम्ही, त्यात नऊ कोल असतात का?"

"भाज्या आमच्या खात्यात येत नाहीत."

"पंचनामा करता, त्याला पाच पंच असतात?"

"दोन लागतात," अधिकारी म्हणाले. "पण ती चूक जुनी आहे."

"जेवण झाल्यावर शतपावली घालता ना? शंभर पावलं मोजून थांबता?"

"हो," अधिकारी म्हणाले.

ह्या माणसाशी भांडायचं तर कुठून धरायचं हेच ताईला कळेना. ज्याला कुठे धरायला जागाच नाही असा गुळगुळीत जबडा असतो, त्यावर कवळी बसत नाही, तसं झालं.

पक्षीवाले आजोबा काठी टेकत आले होते. ते ताईच्या कानाशी म्हणाले, "पोरी, वाद घालू नको. नऊ म्हणून मोकळी हो. सगळ्यांनी नऊ म्हटलं की झालं."

"सगळ्यांनी म्हणायचं असतं तर बोलावलं कशाला असतं?" ताई म्हणाली. पण तिच्या पोटात आशा होती. एवढा रंगीत पक्षी. रंगांसाठीच जन्माला आलेला. दुसऱ्या कशात नाही, पण रंगात नापास व्हायचं म्हणजे माशाने पोहण्यात नापास होण्यासारखं.

आजोबांनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि शीळ घातली. पंपघराच्या बाजूने उत्तर आलं. थोड्या वेळाने पाल्यात हालचाल झाली आणि तो उड्या मारत पुढे आला. उन्हाच्या एका तुकड्यात थांबला, पान उलटलं, शेपूट वरखाली केलं. निळा ठिपका असा पेटला की यंत्रवाल्या माणसाच्या तोंडून "आयला" निघून गेलं.

"हाच ना तो!" ताई म्हणाली. "बोलावल्यावर आला. त्याच्याच शिळेला आला. आणखी काय पाहिजे?"

"आवाज रंगांत धरत नाहीत," अधिकारी म्हणाले. "मोजा."

मोजणी सुरू झाली.

सचिवसाहेबांनी डोळे बारीक करून तीन मोजले. हिरवा, लाल, आणि बाकीचा मळका.

"मळका?" ताई ओरडली. "कुठे मळका?"

"पोट. धुतल्यावर कदाचित उजळेल."

अधिकाऱ्यांनी पाच मोजले. हिरवा, निळा, लाल, काळा, पांढरा.

"आणि पोटाचा?"

"पोटाला कसला आलाय रंग? पोट पोटाच्या रंगाचं असतं."

रंगवाले काका मात्र हरखून गेले होते. त्यांना गल्ल्यावर बसून बसून भिंती सोडून दुसरं काही बघायला मिळालं नव्हतं. "ओली शेवाळ," ते बोटांवर मोजू लागले, "कोवळी शेवाळ, शांत तळं, खोल तळं, सायंकाळची साय, राणीची खंत..."

"राणीची खंत कुठला?"

"तो शेपटीखालचा लाल. बैठकीच्या खोलीला फार घेतात." काका चौदावर थांबले, तेही दम लागला म्हणून.

"आता तुम्ही," अधिकारी ताईला म्हणाले.

आता नऊ म्हणायचं, बस्स. एक शब्द. आजोबा डोळ्यांनी खुणावत होते. ताईने तोंड उघडलं आणि तिचे डोळे पक्ष्यावर गेले, आणि तिच्या आतली कवळीवाली जागी झाली. लोक नेहमी म्हणत, ताई, जरा पांढरे करा ना, कोणाला कळणार आहे? आणि ती म्हणायची, मला कळेल. डोक्याचा मातकट, एक. काळा, दोन. हिरवा, निळा, लाल, सहावा पोटाचा पिकला रंग. भुवईचा पांढरा. गळ्याचा पांढरा, तो वेगळा, तो दुधी. भुवईचा विडी ओढणाऱ्याच्या दातासारखा.

"आठ," ती म्हणाली, आणि स्वतःच्या जिभेचा तिला असा संताप आला की ती चावावीशी वाटली.

आजोबांनी कपाळाला हात लावला.

अधिकाऱ्यांनी बेरीज केली. तीन, पाच, चौदा, आठ. तीस. चार जणांत वाटले. "साडेसात," ते म्हणाले.

"साडेसात रंग असतात का कोणाला?"

"तेच तर. असा पक्षी खात्याला माहीत नाही."

"मग नव म्हणजे नऊ नाहीच!" ताई आता हातवारे करत होती. "नव म्हणजे नवा. नवरंग म्हणजे नव्या रंगाचा. झालं?"

अधिकारी विचारात पडले. त्यांनी खरंच विचार केला, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. मग ते म्हणाले, "पण हा पाहुणा दरवर्षी येतो ना?"

"हो."

"मग नवा कसा? जुनाच."

ताईच्या कानांतून वाफ यायची बाकी होती. "अहो, मोजताय काय त्याला? तो काय करतोय ते बघा ना! पान उलटतोय, खालचं खातोय. समजून घ्या की त्याला! एवढ्या जागेवर त्याचं सगळं आहे. हे नेलंत तर तो खाणार काय, तुमचे साडेसात?"

तेवढ्यात काय झालं, तर सचिवसाहेबांनी "साडेसात" ऐकून निकाल लागला असं समजून यंत्रवाल्याला मान डोलावली. यंत्र पेटलं. नळीतून वारा सुटला आणि राईतला हंगामाचा पाला भिंतीसारखा उठला. ताई हात पसरून नळीसमोर जाऊन उभी राहिली. पानं तिच्या केसांत, तोंडात, ब्लाऊजच्या गळ्यात गेली. "बंद कर! बंद कर रे!" ती ओरडत होती, पण त्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं.

आणि पक्षी उडाला.

त्याला तिने कधी उडताना पाहिलंच नव्हतं. खोलीत तो कोसळला होता, राईत तो चालत होता. आता त्याने पंख पूर्ण उघडले आणि काळ्या पिसांच्या मधोमध एकेक पांढरा तुकडा लख्खकन दिसला. भुवईचा नाही, गळ्याचा नाही. सगळ्यांत पांढरा. गिऱ्हाईक मागतं तो, वहीच्या कागदाचा. तो उडतानाच दिसायचा होता.

"नऊ!" ताई किंचाळली. "नऊ! नऊ! बघा, पंखांत! नववा!"

यंत्र थांबलं. अधिकारी डोळ्यांतली धूळ काढत होते. "काय नऊ?"

"नववा रंग! पंखांच्या आत आहे, उडाल्यावर दिसतो!"

"आतला धरत नाहीत, ताई. आतून सगळेच रंगीत असतात."

"मग थांबा, बसू दे त्याला, मी दाखवते..."

"कोणाला?" अधिकाऱ्यांनी इकडे तिकडे पाहिलं. राईत पक्षी नव्हता. पंपघरावर नव्हता. आजोबांनी शीळ घातली, उत्तर नाही. पुन्हा घातली. मग त्यांनी रुमालातली कवळी तोंडात बसवली.

"पाहणीच्या वेळी पक्षी जागेवर असावा लागतो," अधिकारी म्हणाले. त्यांच्या आवाजात दुष्टपणा नव्हता, सुटकाच होती. साडेसात कुठे बसवायचे हा त्यांच्यापुढचा मोठा प्रश्न आपोआप सुटला होता. "जागेवर पक्षी आढळला नाही. म्हणजे रंगांचा वादच नको. आलाच नाही असं धरू."

"अहो, आत्ता चौघांनी मोजलाय त्याला!"

"आलाच नाही तर काय मोजलं, ते तुमचं तुम्ही बघा," ते म्हणाले, आणि बुटाला चिकटलेलं एक पान काढून सचिवसाहेबांच्या हातात दिलं.

सचिवसाहेबांनी ते पोत्यात टाकलं.

संध्याकाळी राईची जमीन तांबडी, उघडी, कंगव्याच्या रेघा मारल्यासारखी दिसत होती. खरं सांगायचं तर स्वच्छ होती. एक मुंगी ती ओलांडत होती आणि तिला लपायला कुठे जागा नव्हती. शीळ झाली नाही. बाबा खिडकीशी येऊन उभे राहिले. त्यांनी काही टोमणा मारायला तोंड उघडलं, लेकीकडे पाहिलं, आणि टोमणा गिळला.

"येईल गं परत," ते म्हणाले. "पुढच्या खेपेला."

"कुठे येईल? काय खायला येईल?" ताई म्हणाली. "ती वरची पानं आहेत ना बाबा, तीसुद्धा पडली की तो माणूस झेलतो. तो झाडाखाली यंत्र घेऊन उभाच आहे!"

तिने अर्धी राहिलेली कवळी बाजूला सारली, टेबल पुसलं आणि अर्ज लिहायला घेतला. बाबा म्हणाले, शिव्या लिहू नकोस. तिने एकही लिहिली नाही. हीच त्यातली सगळ्यात मोठी शिवी होती.

"प्रति, मा. पाहणी अधिकारी, उद्यान खाते. विषय: नेलेला पाला परत मिळणेबाबत.

महोदय, राईतील पाला आपल्या उपस्थितीत उचलण्यात आला. तेथे कोणताही पक्षी आलेला नव्हता, हे आपले म्हणणे अर्जदार वादापुरते मान्य करीत आहे. मात्र पाला होता, याबाबत दुमत नसावे. तो आपल्या बुटालाही लागला होता. तरी विनंती की, सदर पाला पुढील हंगामापूर्वी, ज्या झाडाचे पान त्याच झाडाखाली, जे उलटे होते ते उलटे व जे सुलटे होते ते सुलटे, खालील ओलाव्यासह व त्यात वास्तव्यास असलेल्या गांडुळांसह, मूळ जाडीत पसरून मिळावा, व तसे करताना कोणीही मोठ्याने बोलू नये, ही नम्र विनंती."